दुर्पताचा कानमंत्र

प्रयागबाईला कीर्तनाचं वेड होतं, आणि ते अख्ख्या मेडशीला ठाऊक होतं. आसपास कुठं वीणा उभी राहिली, की हिची पावलं त्या वाटेला लागलीच म्हणून समजावं. नवरा ऐन उमेदीत गेला, पोटी लेकरू नाही. भाऊ जगदेव याच्या घरी राहून तिनं त्याची आईविना पोर दुर्पता वाढवली, आणि उरलेला सगळा जीव टाळमृदंगात ठेवला. बुवांनी पदाला हात घातला की हिचे ओठ आधी हलत. आख्यानातलं लेकरू रडलं की ही रडे, आणि देव धावून आला की डोळे पुसत शेजारणीला कोपरानं ढोसे, जणू देवाला हिनंच धाडलं होतं.

त्या माघातल्या सप्ताहाला पद्मनाभबुवांना मेडशीत आणलं तेही तिनंच. आदल्या वर्षी मानोऱ्याकडच्या जत्रेत तिनं त्यांना ऐकलं होतं. उंच, गोरे, खांद्यावर शुभ्र उपरणं, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही छातीत उतरावा. त्यांच्या शेजारी तांड्यावरची एक पोर उभी राहून धृपद धरत होती. सोमली तिचं नाव. बंजाऱ्याच्या लेकीला देवापुढं उभं करणारा असा बुवा तांड्यावरच्या लोकांनी पाहिला नव्हता. त्यांनी रांगा लावून बुवांच्या पायांवर डोकी ठेवली होती. प्रयागबाईनंही ठेवलं होतं.

गावात परतल्यावर तिनं नानाजींचा पिच्छा पुरवला. नानाजी म्हणजे गावचे पोलीसपाटील, मारोतीच्या देवळाचा कारभारही त्यांच्याकडंच. शेवटी म्हातारा कंटाळून म्हणाला, "आनतो बाई तुह्या बुवाले. नाई आनलं त तू मले सरणावरून बी उठवशील."

बुवा आले. या खेपेला सोबत सोमली नव्हती. पहिल्या दिवशी पानावर वाढताना प्रयागबाईनं विचारलंच.

"तिची आई घेऊन गेली," बुवा म्हणाले. "माझ्या हातानं तिच्या हातात दिली. लेकरू शेवटी आईचंच, माउली."

किती मोठं मन, असं प्रयागबाईला वाटलं, आणि तिनं पुरणाच्या पोळीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

दुर्पता तेव्हा अकराबारा वर्षांची असेल. हडकुळी, काळीसावळी, बोलायला लागली की थांबायची नाही. पहाटे ती आतेसोबत जात्यावर बसे, आणि तिच्या ओव्या चार घरांपलीकडं ऐकू जात. मुक्काम देवळाच्या ओवरीत असल्यानं त्या बुवांच्याही कानावर गेल्या. दोन दिवसांत त्यांनी जगदेवला बोलावून घेतलं.

"हा गळा दळण दळायसाठी नाही, जगदेवराव. माझ्याकडं द्या. वर्षभरात मोठमोठ्या देवस्थानांत उभी करतो."

जगदेव साधा कास्तकार. पोरीच्या बाबतीत त्याला कायम अपराधी वाटे, कारण तिचं काय करायचं ते त्याला कधीच कळलं नव्हतं. कुणी इतक्या मानानं तिचं नाव घेतलं, तेव्हा तो उपरण्यानं तोंड पुसत राहिला.

मग रोज दुपारी ओवरीत तालीम सुरू झाली. बुवा दार ओढून घेत. बायकांच्या गलक्यात सूर मोडतो, म्हणत. दुर्पता येताना खडीसाखर आणी, एकदा लाल रेशमी फीत आणली. कुणी दिली म्हणून आतेनं विचारलं तर म्हणाली, "बुवांनं. बाकीच्या पोट्टींले सांगू नको म्हणे, जळतात." प्रयागबाई हसली. लाडका शिष्य असला की गुरू असंच करतो, असं तिनं किती कीर्तनांत ऐकलं होतं.

एकादशीला बुवांनी दुर्पताला कानमंत्र दिला.

आता ही चाल अशी, की गुरू आपल्या आणि शिष्याच्या डोक्यावरून एक शाल घेतो आणि शालीआड कानात जे सांगायचं ते सांगतो. ते शिष्यानं कुणाला सांगायचं नाही, आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही. नवऱ्यानं बायकोला नाही, आईनं लेकराला नाही. विचारणं हेच पाप. प्रयागबाईलाही असा मंत्र होता. विधवा होऊन ती सगळ्या घराला नकोशी झाली होती, तेव्हा एका म्हाताऱ्या गुरूनं तो तिच्या कानात घातला होता. त्या दिवसापासून तिनं तो ओठांवर आणला नव्हता. तापात भ्रमली तेव्हासुद्धा दातांवर दात धरून पडली होती. तिच्या नावावर शेत नव्हतं, अंगावर सोनं नव्हतं. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं.

म्हणून दुर्पता शालीतून बाहेर आली तेव्हा प्रयागबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तेजाला तोंड दिल्यावर माणूस असाच दिसणार, असं तिला वाटलं.

त्या रात्रीच्या कीर्तनात बुवांनी देव शोधायला रानात निघालेल्या पाच वर्षांच्या लेकराचं आख्यान लावलं. त्याच्या आईनं त्याला अडवलं नाही, हे त्यांनी इतक्या गोड, इतक्या करुण स्वरात आळवलं की बायकांच्या बाजूला हुंदके उठले. "जी माय अडवते, ती लेकराची वैरीण," बुवा म्हणाले, आणि त्यांनी जगदेवकडं पाहिलं. जगदेवनं तिथंच मान हलवली. काल्याचं कीर्तन आटोपलं की दुपारच्या मोटारीनं दुर्पता बुवांसोबत अकोल्याला जाणार, हे गावाच्या देखत ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून जातं मुकं झालं. दुर्पता खुंट्याला हात लावी, ओढी, पण ओवी येत नव्हती. जेवायला बसली की दाराकडं तोंड करून बसे. घास हातात तसाच राही. कुणी मागून हाक मारली तर खांदे वर ओढून घेई.

शेजारची गोजराबाई विहिरीवर म्हणाली, "पोट्टी मुकी झाली काय वं?"

"मुकी नाई. अंतरात गेली," प्रयागबाई म्हणाली.

"अंतरात गेली त जेवाले तरी बाहेर येऊ दे. बरगड्या मोजता येऊन राह्यल्या तिच्या."

प्रयागबाईनं तिला भक्तीतलं काही कळत नाही असं मनात ठरवलं आणि घागर उचलली. पण घरी येईपर्यंत ती घागर तिला रोजच्यापेक्षा जड लागली.

काल्याच्या दिवशी सकाळी लतीफा आली. लतीफा आणि तिचा नवरा इब्राहीम तट्टावर बांगड्यांचे हारे लादून गावोगाव फिरत. पोर परगावी जाणार, तिचे हात भरून पाठवावे, म्हणून प्रयागबाईनं तिला मुद्दाम बोलावलं होतं. लतीफा ओसरीवर बसली, दुर्पताचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला, आणि पोरीनं तो झटक्यात मागं ओढला.

"चूडी भरते बेटा, चाकू नाई चालवत," लतीफा हसून म्हणाली. पुन्हा हात घेतला. लतीफाचं हसू गेलं. "हात तो बरफ हाये. कुठं जाऊन राह्यली ही?"

"पद्मनाभबुवांसंगं. गानं शिकाले. कानमंत्र देल्ला तिले," प्रयागबाई म्हणाली, आणि आपल्या आवाजातला अभिमान तिचा तिलाच नकोसा वाटला.

लतीफानं हातातली बांगडी खाली ठेवली. "थो गोरा बुवा? पिछले साल तांड्यावरून पोट्टी नेली होती त्यानं?"

"सोमली. पन तिची माय घेऊन गेली तिले परत."

"कोन म्हणते?"

"बुवा म्हणतात."

"बाई, तिची माय रामीबाई मानोऱ्याच्या बाजारात बसते लकडी घेऊन. मी दिवाळीच्या वक्ताले होती तिथं. जो दिसला त्याले विचारते ती, माही सोमली दिसली काय. मले बी विचारलं. तिले वाटते पोट्टी देवळात गाते कुठंतरी, मोठी झाली, मायले विसरली."

देवळाकडून काल्याच्या भजनाचा टाळ ऐकू येत होता. प्रयागबाईनं दुर्पताकडं पाहिलं. सोमलीचं नाव निघाल्याबरोबर पोरीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं होतं.

देवासमोर बसून प्रयागबाईनं इतकी वर्षं लेकरांच्या छळाच्या कथा ऐकल्या होत्या, आणि घरातलं लेकरू तिला दिसलं नव्हतं. तिनं पोरीला आत नेलं, दाराला कडी घातली.

"दुर्पते, बुवांनं कानात काय सांगतलं तुह्या?"

उभ्या जन्मात तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

पोर नुसती मान हलवत राहिली.

"सांग माय."

"नाई. सांगतलं त बाबा रगत ओकून मरन." बोटांच्या फटीतून एवढंच आलं. "तू बी मरशीन."

प्रयागबाई खाली बसली. लेकराला खोटं ठरवून भागणार नव्हतं, रागावून त्याहून नाही. मंत्र फोडला की मरण येतं, ही भीती तिची स्वतःचीसुद्धा होती. वीस वर्षं तिनं ती उराशी जपली होती, तिलाच भक्ती म्हटलं होतं. पोरीनं तीच आतेकडं पाहून उचलली होती, आणि त्या माणसानं तयार कुलूप मिळाल्यासारखी ती वापरली होती.

"इकडं ये," ती म्हणाली. "मी माहा मंत्र सांगतो तुले."

दुर्पताचे हात तोंडावरून खाली आले. "आते, नको."

प्रयागबाईनं डोळे मिटले. म्हाताऱ्या गुरूचा सुरकुतलेला चेहरा समोर आला. तिनं मनात त्याची माफी मागितली. मग तिनं तो मंत्र म्हटला. कानात नाही, कुजबुजत नाही. भाजीचा भाव सांगावा तसा स्वच्छ, मोठ्यानं. एकदा म्हटला, पुन्हा म्हटला. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं, पण ती बसल्या जागी बसून राहिली.

पोर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. बराच वेळ. रक्त येतं का, ते बघत होती.

मग ती आतेच्या मांडीत घुसली आणि बोलू लागली. तुकड्यातुकड्यानं, मधेच दाराकडं बघत. अकोल्याच्या स्टेशनावर एक बाई येणार. तिला माय म्हणायचं. बुवांना बाप म्हणायचं. गावाचं नाव कुणाला सांगायचं नाही. "अन् तालमीत..." म्हणाली, आणि थांबली. प्रयागबाईनं पुढचं ओढून काढलं नाही. तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"लतीफाबी," तिनं कडी काढून म्हटलं, "पोरीजवळ बसजो. कोनी आलं तरी सोडजो नको. बुवा आला तरी नाई, तिचा बाप आला तरी नाई."

"मैं तो हूँ इधर," लतीफा उंबऱ्यावर आडवी बसत म्हणाली. "जा तू."

देवळासमोर काल्याची हंडी फुटली होती. दह्यानं माखलेली माणसं हसत होती, बुवांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. "आता माझ्या शिष्येला आणा," ते जगदेवला म्हणत होते, "बुक्का लावून निघू. मोटार चुकायला नको." जगदेवच्या काखेत पोरीचं बोचकं होतं.

प्रयागबाई बायकांच्या बाजूनं चालत आली आणि थेट मधोमध उभी राहिली. कीर्तनाच्या जागेत बाईमाणूस असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. टाळ आपोआप थांबले.

"बुवा, सोमली कुठं हाये?"

बुवा हसले. "माउली, पहिल्याच दिवशी सांगितलं ना. आईच्या हातात दिली."

"तिची माय अजून शोधून राह्यली तिले. मानोऱ्याच्या बाजारात येनाऱ्याजानाऱ्याले विचारते."

"कुणी सांगितलं?"

"लतीफानं."

"बांगड्यावालीच्या बोलण्यावर तुम्ही संतांच्या गादीला प्रश्न करता?" बुवांनी आवाज चढवला नाही. उलट तो आणखी मऊ झाला. "या बाईंची चूक नाही, मंडळी. लेकरू जाणार म्हणून मायेनं मन फिरतं. मी परवाच आख्यानात सांगितलं, जी माय अडवते..."

"त्या आख्यानातल्या मायले आपलं लेकरू कुठल्या रानात गेलं थे ठाऊक होतं," प्रयागबाई म्हणाली. "सोमलीच्या मायले ठाऊक नाई."

जगदेव पुढं आला. लाजेनं त्याचं तोंड काळं पडलं होतं. "बाई, गप बस. बुवांले तूच आनलं ना गावात? आता गावासमोर हे काय लावलं?"

"मीच आनलं. म्हणून मीच बोलून राह्यली."

बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं काल्याच्या दिवशी हे अभद्र. नानाजी देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी तंबाखू थुंकली आणि सावकाश उठले.

"जगदेव, मोटार उद्याबी येते ना रे?"

"येते."

"परवाबी?"

"येते, नानाजी."

"मंग घाई कोनाले हाये?" नानाजी बुवांकडं वळले आणि त्यांनी हात जोडले. "बुवा, इब्राहीमले तट्टू देऊन धाडतो. रामीबाई येईन, तुमच्याकडं पाह्यून म्हणन, हो, पोरगी मले पोचली. मंग मी सोता वाजतगाजत मोटारीत बसवतो तुमाले, अन् दुर्पताले बी. तवपर्यंत गावचे पाव्हणे. पुरनपोळी खा, कीर्तन करा."

यात वावगं काही नव्हतं. सगळ्यांना पटलं. बुवांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसून खाली बसला असता.

बुवा बसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढला. वाशीमला उद्या कीर्तन ठरलंय, म्हणाले. मग म्हणाले अकोल्याला आजारी गुरुबंधू आहे. मग म्हणाले पोरगी राहू द्या, मी एकटाच निघतो. एका दमात तीन वाटा निघाल्या, आणि जगदेवनं काखेतलं बोचकं हळूच खाली ठेवलं.

रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. बुवांनी त्या बाजूला पाऊल टाकलं. दह्यानं माखलेली दोन पोरं त्यांच्या वाटेत उभी राहिली. भोंगा पुन्हा वाजला, आणि मोटार पातूरवरून अकोल्याच्या दिशेनं निघून गेली.

रामीबाई तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना पोचली. सोबत तांड्याचा नाईक सेवादास होता. तिच्या पायात वहाणा नव्हत्या, आणि कुणी पाणी पुढं केलं तर तिनं ते पाहिलंसुद्धा नाही. तिला ओवरीत नेलं. दाराशी गावच्या पोरांचा पहारा होता, आणि बुवा भिंतीला टेकून बसले होते. तीन दिवसांत त्यांच्या गालांवर पांढरे खुंट उगवले होते.

"माही सोमली?" रामीबाई म्हणाली.

"या बाईला मी ओळखत नाही," बुवा म्हणाले.

नानाजींनी मान हलवली. "ओळखत नाई. मंग पोरगी देल्ली कोनाच्या हातात, बुवा?"

बुवा खिडकीकडं पाहत राहिले. सेवादासनं हातातली काठी घट्ट धरली. नानाजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तेवढ्यात प्रयागबाईच्या पाठीमागून दुर्पता पुढं आली. लतीफानं तिला थांबवायला हात केला, पण प्रयागबाईनं नको म्हणून खुणावलं.

पोर रामीबाईसमोर बसली आणि तिच्या कानाशी काही कुजबुजली. रामीबाईला कळलं नाही. "जोरानं बोल, बेटा."

दुर्पतानं एकदा बापाकडं पाहिलं. जगदेव दारात धडधाकट उभा होता.

"अकोल्याच्या टेसनावर मालधक्क्याच्या आंगं एक बाई येते," ती म्हणाली. "हिरवं लुगडं, कपाळावर जळल्याचा डाग. तिले माय म्हणाचं. सोमलीले बी तिथंच सोडलं, थेबी पहिले रडे, मंग रडाची थांबली, असं बुवा म्हणे. तू बी थांबशील म्हणे."

रामीबाई उठली, आणि अकोल्याचा रस्ता कुठल्या बाजूला आहे ते विचारू लागली. जगदेव पळत गोठ्याकडं गेला. इतकी वर्षं बैलांशी गप्पा मारणारा माणूस, त्यानं एक शब्द न बोलता गाडी जुंपली. नानाजींनी बुवांना गाडीत दोन माणसांच्या मधे बसवलं आणि ठाण्यात द्यायला स्वतः निघाले. सेवादास जूच्या शेजारून चालू लागला. रामीबाई गाडीत बसलीच नाही. ती पुढं चालत होती, बैलांच्याही पुढं.

वर्ष होत आलं होतं. ती बाई अजून त्या स्टेशनावर येत असेल की नाही, सोमली त्यानंतर कुठल्या गाडीत बसली असेल, हे कुणाला सांगता येत नव्हतं. गाडी वळणाआड गेली तरी बायका देवळापाशी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीनं आपापलं लेकरू जवळ ओढून धरलं होतं.

प्रयागबाई दुर्पताला घरी घेऊन आली. चुलीत जाळ घातला, भाकरीचं पीठ काढलं. पोर उंबऱ्यात बसून होती.

"आते."

"काय माय?"

"आनखी हाये सांगाचं."

प्रयागबाईनं पिठाचे हात परातीत झटकले, जाळ मागं ओढला, आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"सांग," ती म्हणाली.